काच खराब होते साइटवर, पण तुमचं नुकसान क्वोटेशनमध्येच ठरलेलं असतं



मागच्या व्हिडिओत आपण अ‍ॅल्युमिनियम खिडक्यांचा रेट कसा काढायचा ते पाहिलं. त्यानंतर फॅब्रिकेशनवाल्या बऱ्याच मित्रांचा एकच प्रश्न आला: "सर, रेट बरोबर काढला, माल चांगला वापरला, काम वेळेत दिलं, तरी शेवटी हातात काही उरत नाही. पैसे जातात कुठे?"

तुमच्यापैकी निम्म्या लोकांचे पैसे काचेत जातात. विकत घेतलेल्या नव्हे, बदलून द्याव्या लागलेल्या काचेत.

आमच्या बॅचमधल्या एका फॅब्रिकेटरचा हिशोब सांगतो. नाव-गाव सांगत नाही, पण वही मी स्वतः बघितली आहे. पुण्याजवळ तीन माणसांचं वर्कशॉप. त्याला २० फ्लॅटच्या एका बिल्डिंगचं काम मिळालं. प्रत्येक फ्लॅटला सहा खिडक्या, म्हणजे १२० खिडक्या. सगळ्या चार बाय चारच्या, टू-ट्रॅक स्लायडिंग, पाच मिलिमीटरची टफन्ड काच. एकूण १,९२० चौरस फूट, रेट ४५० रुपये, ऑर्डर ८ लाख ६४ हजारांची. त्यात त्याने १२ टक्के नफा धरला होता, म्हणजे साधारण १ लाख ३ हजार ६८० रुपये.

मे महिन्यात बिल्डरचा माणूस म्हणाला, "शेठ, पावसाच्या आत सगळं बंद करून द्या." याने रात्रंदिवस राबून मेअखेर सगळी शटर बसवली. फिटिंग झाल्यावर ८० टक्के बिल निघणार होतं, त्यामुळे यालाही घाई होतीच. नोव्हेंबरमध्ये ताबा द्यायची वेळ आली तेव्हा साइट इंजिनिअरने यादी हातात ठेवली: २६ काचा खराब, बदलून द्या.

एक काच बदलायला किती खर्च? नवी काच, टेम्पो, शटर उतरवणं, रबर बदलणं, दोन माणसांची हजेरी, सगळं धरून त्याला साधारण १,८०० रुपये पडले. २६ काचांचे ४६ हजार ८००. शिवाय "काचा बदलल्याशिवाय रिटेन्शन सुटणार नाही" म्हणून पाच टक्के, म्हणजे ४३ हजार २०० रुपये अडकले. दोन्ही मिळून ९० हजार. सहा महिन्यांच्या कामाचे हातात किती राहिले? १३ हजार ६८०. बायकोला काय सांगायचं, हा त्याचा पहिला प्रश्न होता. दुसरा मला विचारला: "सर, मी एकही काच फोडली नाही. मग मीच का भरायचे?"

प्रश्न बरोबर होता. पण त्याच्याकडे पुरावा शून्य.

काच स्वतःच सांगते, कुणी मारलं ते

मी त्याच्याबरोबर त्या साइटवर गेलो. तुम्हीही हे शिकून घ्या, कारण काचेवरचा डाग नीट बघितला तर तो कुठल्या कामाने पडला ते बहुतेक वेळा कळतं.

२६ पैकी ११ काचा बाल्कनीकडच्या होत्या. लांबून स्वच्छ. जवळ जाऊन बोट फिरवलं तर खरखरीत, बारीक बारीक तपकिरी ठिपके. हे रेलिंगचं वेल्डिंग आणि ग्राइंडर. ठिणगी म्हणजे तापलेल्या लोखंडाचा कण. तो काचेवर आदळला की तिथल्या तिथे काच वितळवून आत रुतून बसतो, आणि पहिल्या पावसात त्याला गंज चढतो. पुसून जात नाही. खरवडून कण काढलात तर खाली खड्डा राहतो. म्हणजे ही काच गेलीच. आणि ठिणगी काही फूटभर जाऊन थांबत नाही. वरच्या मजल्यावर ग्राइंडर चालला तर खालच्या मजल्यांच्या काचांवरही पाऊस पडतो. लोक साइटवर वेल्डिंग बघतात आणि डोळे जपतात, काच जपायचं कुणाच्या डोक्यात येत नाही.

आठ काचांवर ओरखडे होते. त्यातल्या काहींवर अर्धगोल, एकात एक गुंतलेले. हे सफाईवाल्याचं काम. पुट्टी घासल्याची आणि फरशी कापल्याची धूळ काचेवर बसलेली असते, त्यात वाळूचे कण. त्यावर कोरडं फडकं गोल गोल फिरवलं की फडकं राहत नाही, पॉलिश पेपर होतो. उरलेल्यांवर सरळ, समांतर, केसासारख्या रेघा होत्या. ते ब्लेड. रंगाचे थेंब काढायला पत्ती मारली, पत्तीखाली एक कण अडकला, पत्ती फिरली तिथपर्यंत रेघ. टफन्ड काचेवर तर जास्तच सांभाळा. भट्टीतून रोलरवरून जाताना तिच्या एका बाजूला काचेचेच सूक्ष्म कण चिकटलेले असू शकतात. पत्ती तेच कण ओढत नेते आणि काचेनेच काच कापली जाते.

चार काचांवर वरून खाली आलेले पांढरट ओघळ. छज्जातून, ताज्या प्लास्टरवरून पावसाचं पाणी खाली आलेलं. इथे थोडं शास्त्र समजून घ्या, कारण याचा गैरसमज फार मोठा आहे. "काच आहे, ॲसिडनेसुद्धा काही होत नाही, सिमेंटचं काय घेऊन बसलात?" असं मुकादम सांगतो. साध्या काचेला बहुतेक ॲसिडांनी काही होत नाही हे खरं. हायड्रोफ्लोरिक ॲसिड मात्र तिला खातं. पण सिमेंटचं पाणी ॲसिडच्या उलट आहे, ते चुन्यासारखं अल्कली आहे, आणि अल्कली काचेचा पृष्ठभाग खाते. काच शेवटी वाळूपासूनच बनते ना! शिंतोडा ओला असताना बादलीभर पाण्याने धुतला तर काही राहत नाही. वाळून दिवसचे दिवस बसला की डाग वरचा राहत नाही, काचच तिथे मंद होते.

दोन काचांचा चुरा झाला होता. कडेला मार बसला असणार, परांचीचा पाइप उतरवताना किंवा शटर नुसत्या काँक्रीटवर टेकवून ठेवल्यामुळे. टफन्ड काच मध्ये मजबूत असते, पण तिची कड आणि कोपरा नाजूक. तिथे चीर गेली की लगेच किंवा काही दिवसांनी सगळीच्या सगळी बारीक तुकड्यांत फुटते. "आपोआप फुटली" असं लोक म्हणतात. काच बनतानाच आत राहिलेल्या निकेल सल्फाइडच्या सूक्ष्म कणामुळे ती क्वचित खरंच तशी फुटते, पण आधी कड तपासा.

आणि एक काच, जिच्यावर मला सगळ्यात जास्त हसू आलं आणि वाईटही वाटलं. काच बसली आहे हे कळावं म्हणून कुणीतरी चुन्याने मोठी फुली मारली होती. काच वाचवण्यासाठीच! सहा महिने ती फुली तशीच. चुना धुतला, फुली राहिली. उन्हातिरपी बघितली की दिसायची. काच आहे हे दाखवायचंच असेल तर फ्रेमला फित बांधा, काचेवर काही लिहू नका.

आता बघा, या २६ पैकी फॅब्रिकेटरच्या माणसांच्या हातून किती? फार तर त्या दोन. बाकी २४ वेल्डर, सफाईवाला, गवंडी आणि पाऊस यांच्या. पण भरले कुणी?

फिल्म लावली म्हणजे झालं का?

व्हिडिओखाली लगेच कुणीतरी लिहितं, "सर, प्रोटेक्शन फिल्म लावायची, विषय संपला." नाही संपत.

फिल्म चांगली आहे, लावाच. पुट्टी, रंग, सिमेंटचे शिंतोडे, धूळ यांना ती अडवते. पण ती पातळ प्लास्टिकची आहे. ठिणगी तिला भोक पाडून काचेपर्यंत जाते. पाइपचा मार तर ती अजिबात अडवत नाही. वेल्डिंग होणार असेल तिथे प्लायवूड किंवा न जळणारी ताडपत्रीच उभी करावी लागते, आणि तीही काचेला न चिकटवता, मध्ये हवा खेळेल असं अंतर ठेवून. काच उन्हात आणि तिचा अर्धा भाग झाकलेला असेल तर एक भाग तापतो, दुसरा थंड राहतो. रंगीत, टफन्ड न केलेली काच अशा ताणाने तडकू शकते. म्हणून फिल्म लावायची तर पूर्ण काचेला लावा, अर्धवट तुकडे नकोत.

दुसरं म्हणजे फिल्मला मुदत असते. कंपनी सांगते किती दिवसांत काढायची, ते पाकिटावर किंवा बिलाबरोबर मिळतं, विचारून घ्या. आपल्याकडच्या मे महिन्यात पश्चिमेच्या खिडकीवर फिल्म विसरलात तर ती फाटत फाटत निघते आणि गोंद काचेवर राहतो. मग तो काढायला परत ब्लेड, आणि आपण परत ओरखड्यांवर आलो. फ्रेमवरच्या टेपचंही तेच. रिफ्लेक्टिव्ह किंवा कोटिंगची काच असेल तर कोटिंगच्या बाजूला काय चालतं आणि काय नाही हे काच पुरवणाऱ्याकडून लिहून घ्या. अशा काचेजवळ फरशी धुवायचं ॲसिड सुद्धा नको. ते कोटिंगही खराब करतं आणि अ‍ॅल्युमिनियमचा रंगही.

खरा उपाय: काच उशिरा बसवा

सगळ्यात स्वस्त प्रोटेक्शन कुठलं माहीत आहे? काच साइटवर नसणं.

फ्रेम लवकर बसवा, कारण प्लास्टरचं आणि ग्रॅनाइटच्या चौकटीचं काम तिच्याशी जुळवायचं असतं. ट्रॅकमध्ये टेप लावून बंद करा, नाहीतर सिमेंट पाणी जायच्या भोकांत बसतं आणि पहिल्या पावसात पाणी घरात येतं. पण शटर कधी बसवायची? बाहेरचं प्लास्टर झालं, बाहेरच्या रंगाचा हात झाला, रेलिंगचं वेल्डिंग झालं, आतली पुट्टी घासून झाली, फरशी कापून झाली. त्यानंतर. आतल्या रंगाचा शेवटचा हात राहिला तरी चालतो, तेवढ्याला फिल्म पुरते.

तुम्ही म्हणाल, "सर, बोलायला सोपं आहे. बिल्डरला पावसाच्या आत खिडक्या बंद हव्या असतात." हवं असणारच, आत फरशी आणि लाकूडकाम आहे. पण सगळ्या बाजू सारख्या भिजत नाहीत. आपला पाऊस पश्चिमेकडून आणि नैर्ऋत्येकडून येतो. त्या बाजूच्या खिडक्यांची यादी करा. तिथे आधी शटर लावायला तयार व्हा, फिल्मसकट, आणि त्या बाजूला वेल्डिंग शिल्लक असेल तर ते आधी उरकून घ्यायला सांगा. बाकीच्या खिडक्यांना जाड प्लास्टिक आणि लाकडी पट्ट्या. प्लास्टिकला फार खर्च येत नाही, आणि फाटलं तर दुसरं लावता येतं. टफन्ड काच एकदा भट्टीतून निघाली की कापता येत नाही, तिला भोक पाडता येत नाही. एका काचेसाठी परत मापाची ऑर्डर, परत थांबणं.

आणि तुम्ही शटर वर्कशॉपमध्ये ठेवणार असाल तर नीट ठेवा. आडवी रचू नका. इंग्रजी ए अक्षरासारख्या स्टँडवर, खाली लाकूड किंवा रबर, किंचित कलती. दोन काचांमध्ये कागद किंवा कॉर्कच्या टिकल्या. पावसाळ्यात पाणी दोन काचांच्या मध्ये शिरून बसलं तर ते पाणीच काचेतून सोडियम ओढून घेतं, अल्कली होतं आणि काच धुरकट पडते. न वापरलेली, नवीकोरी काच खराब! कोकणातल्या मित्रांनो, तुम्ही तर विशेष लक्ष द्या. वजनाचाही अंदाज ठेवा: एका चौरस मीटरला प्रत्येक मिलिमीटर जाडीमागे अडीच किलो. दोन बाय चारची पाच मिलिमीटरची एक काच सव्वानऊ किलोच्या आसपास भरते. दहा काचा एका बाजूला टेकवल्या तर तो क्विंटलभर भार आहे. पत्र्याच्या भिंतीवर भरवसा नको.

मग लोक काच लवकर का बसवतात?

आता मुद्द्यावर येऊ. हे सगळं त्या फॅब्रिकेटरलाही थोडंफार माहीत होतं. पंधरा वर्षं धंद्यात आहे तो. तरी त्याने मेमध्ये २४० शटर का लटकवली?

कारण त्याच्या वर्क ऑर्डरमध्ये लिहिलं होतं: २० टक्के ॲडव्हान्स, आणि फिटिंगनंतर ८० टक्के, त्यातून पाच टक्के रिटेन्शन कापून. काच आणि अ‍ॅल्युमिनियमवाल्याचे पैसे उधारीवर. शटर लागल्याशिवाय बिल नाही, बिलाशिवाय उधारी फिटत नाही. म्हणजे काच वेल्डरच्या तोंडी त्याने स्वतः नाही दिली, पेमेंटच्या अटीने द्यायला लावली.

म्हणून अट बदला. ८० टक्के एकदम मागू नका. फ्रेम बसल्यावर एक हप्ता. शटर वर्कशॉपमध्ये तयार झाली, इंजिनिअरने येऊन मोजली की दुसरा, मोठा हप्ता. फिटिंगवर तिसरा. छोटा हप्ता ताब्यावर. बिल्डर म्हणेल, "माल तुमच्याकडे आणि पैसे मी द्यायचे?" त्याला सांगा, माल तुमच्या नावाची चिठ्ठी लावून ठेवतो, फोटो पाठवतो, हवं तेव्हा येऊन मोजा. सगळे ऐकणार नाहीत. पण तुम्ही मागितलंच नाही तर कुणीच ऐकणार नाही.

त्याला त्याचा फायदाही दाखवा. रेरा कायदा, २०१६ चं कलम १४(३) बिल्डरला चांगलं माहीत असतं: ताबा दिल्यापासून पाच वर्षांत कारागिरीतला किंवा दर्जातला दोष ग्राहकाने दाखवला तर तो ३० दिवसांत, जादा पैसे न घेता दुरुस्त करून द्यावा लागतो. ओरखडे असलेल्या खिडकीची कटकट शेवटी त्याच्याच ऑफिसात येते. भांडायला जाऊ नका, हे शांतपणे बोला.

आणि पुरावा. फिटिंग झालं की त्याच दिवशी, फ्लॅटनुसार, इंजिनिअरबरोबर फिरा. दरवाजावरचा फ्लॅट नंबर आणि खिडकी एका फोटोत येईल असा फोटो काढा. साइटच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाका, आणि कागदावर सही घ्या. इंजिनिअर सही टाळतो, हे मला माहीत आहे. तेव्हा त्याच दिवशी मेसेज करा: "आज फ्लॅट ३०२ च्या सहा खिडक्या, बारा काचा चांगल्या स्थितीत दिल्या. हरकत असल्यास दोन दिवसांत कळवा." सहीइतकं पक्कं नाही, पण काहीच नसण्यापेक्षा शंभर पटीने बरं. काच कशी तपासायची तेही आधीच ठरवा: दिवसाउजेडी, समोर सरळ उभं राहून, तीन मीटरवरून. नाहीतर ताबा घेताना मोबाइलचा टॉर्च तिरपा धरून तपासणी होते, आणि त्या उजेडात कारखान्यातून आलेली नवी काचसुद्धा नापास होईल.

सफाईसुद्धा तुमच्या हातात ठेवा, पैसे घेऊन. भरपूर पाणी, मग स्पंज आणि साधा साबण, मग रबरी वायपर. आधी धूळ वाहून गेली पाहिजे, नंतरच काचेला हात. एवढंच. बिल्डरचा सफाईवाला हे करत नाही, कारण त्याला फ्लॅटमागे पैसे मिळतात आणि पाणी पाचव्या मजल्यावर चढवावं लागतं.

त्या मित्राने पुढच्या कामात हिशोब करून बघितला. तेवढ्याच १,९२० फुटांना दोन्ही बाजूंची फिल्म, लावायची-काढायची मजुरी धरून फुटाला नऊ रुपये, म्हणजे १७ हजार २८०. त्याने ही ओळ क्वोटेशनमध्ये वेगळी लिहिली. पहिल्या बिल्डरने ती खोडली. याने म्हटलं, "खोडा साहेब, पण मग खालची अटही वाचा." थोडी घासाघीस झाली आणि सात रुपयांवर ठरलं. दोन रुपये याने स्वतःच्या खिशातून घातले. त्या कामात बदलाव्या लागल्या तीन काचा, आणि त्यातल्या दोनचे पैसे रेलिंगवाल्याच्या बिलातून कापले गेले, कारण फोटो होते.

ती अट त्याला विचारून खाली देतो. तुमच्या क्वोटेशनमध्ये जशीच्या तशी टाका, आकडे तुमचे घाला:

"शटर व काच फिटिंग हे बाहेरील प्लास्टर, बाहेरील रंग, वेल्डिंग, ग्राइंडिंग, पुट्टी घासकाम व फरशी कापणी पूर्ण झाल्यावर करण्यात येईल. त्याआधी फिटिंग हवे असल्यास काच संरक्षणाचा खर्च प्रति चौरस फूट रु. ___ वेगळा आकारला जाईल. फिटिंगच्या दिवशी संयुक्त पाहणी करून फ्लॅटनिहाय नोंद केली जाईल. काचेची तपासणी दिवसाच्या उजेडात, तीन मीटर अंतरावरून करण्यात येईल. पाहणीनंतर इतर कामांमुळे झालेले ओरखडे, ठिणग्यांचे डाग, सिमेंट वा चुन्याचे डाग आणि फूट यांची बदली प्रति काच रु. ___ दराने आकारली जाईल व त्या कारणाने रिटेन्शन रक्कम रोखता येणार नाही."

पुढच्या व्हिडिओत हेच रिटेन्शनचे पैसे मागायचं पत्र कसं लिहायचं ते बघू. तुमच्याकडे अडकलेल्या रकमेची एक यादी तोवर करून ठेवा, कामाची तारीख आणि बिल नंबरसकट.